भिंतीवरची तिथी मोबाईलमध्ये नेताना

मराठी घरात दिनदर्शिका ही नुसती तारीख पाहण्याची वस्तू कधीच नव्हती. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि पंचांग घरोघरी भिंतीवर आले. दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचे श्राद्ध, सारे त्याच चौकटींत मावू लागले. आता या नोंदी मोबाईलमध्ये चालल्या आहेत. सोय मोठी आहे, पण ॲप नीट निवडले नाही तर श्राद्धाची आठवण भलत्याच दिवशी येते.

त्यासाठी आधी आपल्या कामांचे दोन भाग करा. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, डॉक्टरांची भेट ही कामे इंग्रजी तारखेची. त्यांना गुगल कॅलेंडर किंवा मोबाईलमध्ये मुळात असलेले कॅलेंडर पुरेसे आहे. ‘दर महिन्याला’ किंवा ‘दर वर्षी’ असे एकदा सांगितले की काम झाले.

सण, श्राद्ध, तिथीने येणारा वाढदिवस यांचे मात्र तसे नाही. गणेश चतुर्थीच पाहा. २०२२ मध्ये ती ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला आणि २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती एकदम पुढे गेली. म्हणून तिथीच्या नोंदीला ‘दर वर्षी’ हा पर्याय लावू नये. काही पंचांग ॲपमध्ये तिथीनुसार आठवण करून देण्याची सोय असते. ती नसेल तर गुढीपाडव्याला पंचांग घेऊन बसावे आणि वर्षभराच्या तिथींच्या तारखा एकेक करून घालाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे.

पंचांगाचे ॲप घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे गाव निवडता येते का. रेखांशाच्या एका अंशाला सुमारे चार मिनिटांचा फरक पडतो. बेळगाव आणि हैदराबाद यांच्यात जवळजवळ चार अंशांचे अंतर आहे. संकष्टीचा उपवास चंद्रोदयाला सोडणाऱ्यांना आपल्याच गावाची वेळ हवी.

दुसरी गोष्ट महिन्यांची. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपला पितृपक्ष भाद्रपद वद्यातला, तर ग्वाल्हेरच्या शेजाऱ्यांच्या पंचांगात तोच आश्विन कृष्णपक्षात दिसतो. दिवस एकच, महिन्याचे नाव वेगळे. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘अमान्त’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. ॲपने फोनमधले नंबर पाहण्याची परवानगी मागितली तर खुशाल नाही म्हणावे. पंचांगाला त्याची गरज नसते.

सुट्ट्यांच्या बाबतीतही सीमाभागातल्या घरांनी फोनवर विसंबू नये. १ मेची महाराष्ट्र दिनाची सुट्टी, १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची आणि १९ डिसेंबरची गोवा मुक्तिदिनाची. मुलगा कोल्हापुरात, मुलगी पणजीत आणि आईवडील बेळगावात असतील, तर या तारखा स्वतः घातलेल्या बऱ्या.

सर्वांत महत्त्वाचे पुढेच आहे. भिंतीवरचे कॅलेंडर येता-जाता कोणीही वाचत असे. मोबाईलला मात्र कुलूप असते. बहुतेक घरांत या साऱ्या नोंदी एकाच बाईच्या डोक्यात असतात, आणि आता तिच्या एकटीच्या फोनमध्ये. ती आजारी पडली की घराची आठवणच बंद! म्हणून गुगल कॅलेंडरमध्ये ‘घर’ नावाचे वेगळे कॅलेंडर करून सर्वांच्या खात्यांना जोडावे. हे काम संगणकावर सोपे जाते. एक-दोघांना बदल करण्याचा अधिकार द्यावा, बाकीच्यांनी पाहावे. ॲपला सूचना देण्याची परवानगी आहे ना, तेही पाहावे. श्राद्धाची सूचना आठवडाभर आधी लावावी, म्हणजे गुरुजींना सांगता येते आणि मुलांना रजा काढता येते.

नोंद करताना नुसते ‘आजोबांचे श्राद्ध’ असे लिहू नका. महिना, पक्ष, तिथी पूर्ण लिहा: ‘आजोबा, माघ वद्य सप्तमी’. नातवंडांना आजोबा गेल्याची इंग्रजी तारीख मृत्यूच्या दाखल्यावर मिळेल, पण तिथी घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. त्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ती लिहून घ्यावी.