नाकारणाऱ्याचेही पाय

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा स्टेशनवर पिवळे दुपट्टे घेतलेली माणसं उतरतात आणि 'जय सेवा' म्हणत कचारगडाची वाट धरतात. डोंगरातल्या त्या प्रचंड गुहेत कोंडलेल्या कली कंकालीच्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवलं, जंगो रायताडने त्यांना माया दिली, ही गोंडांच्या कोया पुनेम धर्माची श्रद्धा. ख्रिस्ती सेवेवरचा लेख इथून सुरू करणं काहींना विचित्र वाटेल. या गुहेचा ख्रिस्ताशी काही संबंध नाही, हे खरंच आहे. पण सेवेतली नम्रता अस्सल की दिखाऊ, हे चर्चच्या आवारात कळत नाही. ज्याला ख्रिस्ताची गरजच वाटत नाही, त्याच्या दारात ते कळतं.

या सेवेचा मूळ नमुना योहानाच्या शुभवर्तमानातल्या 13व्या अध्यायात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, अंगावरचं वस्त्र उतरवून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुवायला बसतो. हे काम घरच्या गड्याचं. म्हणूनच पेत्र आधी पाय पुढे करायला तयार होत नाही. प्रवचनांत पेत्राच्या या संकोचावर पुष्कळ बोललं जातं, पण त्याच पंक्तीला यहूदाही बसलेला होता, याकडे फारसं लक्ष जात नाही. तो आपल्याला धरून देणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याचे पाय वगळले गेले नाहीत. सेवेच्या बदल्यात निष्ठा मागायची नाही, ही अट या प्रसंगातच आहे. पुढे ती पाळणं किती अवघड गेलं, याचा दाखला गोंडवनात मिळतो.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपूरला आला. तो धर्मप्रसारासाठीच आला होता. त्याला उदारमतवादी ठरवण्याचं कारण नाही. पण याच माणसाने परधान गायकाकडून लिंगोची गाथा ऐकून घेतली आणि गोंडी शब्द जसेच्या तसे रोमन लिपीत उतरवून त्यांच्याखाली इंग्रजी अर्थ मांडला. कोंडलेले गोंड, त्यांना सोडवणारा लिंगो आणि काचीकोपा लाहूगड हे सगळं त्या गाण्यात येतं. तेच ठिकाण म्हणजे कचारगड, असं आज मानलं जातं. 1863 साली टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडाला. त्याचे कागद ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी 1866मध्ये छापले. ही कसली सेवा, हे तर साहेबाचं माहिती गोळा करणं, असं कुणी म्हणेल. टेंपलच्या कचेरीला माहिती हवीच होती, हे नाकारता येणार नाही. तरीही शिकवायला आलेला पाद्री एका परधानापुढे विद्यार्थी होऊन बसला, आणि जे गाणं त्याच्या धर्माच्या काहीच कामाचं नव्हतं, त्याचा शब्द न् शब्द त्याने जपला. रुमाल बांधून खाली बसणं ते हेच, असं मला वाटतं.

याहून कठीण आक्षेप वेगळा आहे: दवाखाना आणि शाळा हे गळाला लावलेलं आमिष असतं. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने 1956 साली जुन्या मध्य प्रदेश सरकारला दिलेल्या अहवालात हेच मांडलं. वैद्यकीय सेवा धर्मांतराचं साधन म्हणून वापरण्यावर कायद्याने बंदी घालावी, अशी शिफारसही केली. आजच्या गोंदिया जिल्ह्याचा मुलूख तेव्हा त्याच राज्यात होता. अहवाल एकांगी आहे असं म्हणून ख्रिस्ती मंडळी अनेकदा सुटका करून घेतात. मला ते पुरेसं वाटत नाही. कारण हीच तक्रार त्याआधी मंडल्यात व्हेरियर एल्विन यांनी केली होती, आणि ते स्वतः एके काळी पाद्री होते. 1927 साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले एल्विन 1932मध्ये शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सोबत्याला घेऊन मैकल डोंगरातल्या करंजियाला गेले. मातीकुडाच्या झोपड्या, संत फ्रान्सिसच्या नावाचा आश्रम, शाळा, दवाखाना, पुढे कुष्ठरोग्यांसाठी निवारा, असा तो संसार होता. धर्मांतर मात्र करायचं नाही, असं ठरलं. बिशपांशी बिनसलं आणि काही वर्षांत एल्विन चर्चमधूनच बाहेर पडले. मग याला ख्रिस्ती सेवा म्हणायचं का? ज्याला ख्रिस्त हीच सर्वांत मोठी देणगी वाटते, त्याने ती लपवून ठेवणं हे प्रेम कसं, असा प्रश्न श्रद्धावंत विचारतो, आणि तो रास्त आहे. आपली श्रद्धा सांगण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 25नेही दिला आहे. विचारपूर्वक ख्रिस्ती झालेल्या गोंडाला भोळा समजणं हाही त्याचा अपमानच. सांगायला हरकत नाही. प्रश्न एवढाच, की नकार ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी औषध त्याच हाताने मिळतं की नाही.

एल्विन यांना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही. गोंड मुलीशी त्यांनी केलेलं लग्न मोडलं आणि त्याची किंमत तिने मोजली. नम्रतेच्या गोष्टीत हा हिशेब झाकता येत नाही. या कसोटीला माझ्या मते शामराव अधिक उतरतात. गावकऱ्यांनी एल्विनना 'बडा भाई' म्हटलं, शामरावांना 'छोटा भाई'. दुखण्याखुपण्यापासून भांडणतंट्यापर्यंत माणसं त्यांच्याकडे यायची. 1946 साली शामरावांनी पुस्तक लिहिलं तेही परधानांवर, म्हणजे लिंगोचं गाणं जपणाऱ्या जमातीवर. एल्विन 1954मध्ये ईशान्येकडे सरकारी सल्लागार म्हणून गेले आणि देशभर नावाजले. शामराव मागेच राहिले, आणि मराठी वाचकाला त्या दोघांपैकी साहेबच ठाऊक आहे.