किल्लीविना कुलूप : सोय आणि सावधगिरी

नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्या दरम्यान वसलेल्या खंडाळा तालुक्यात, महामार्गालगत शिरवळ व केसुर्डी येथे कारखानदारी वाढीस लागली आहे. १८९७ साली मुंबईच्या लालबागेत कुलपे घडवून ज्या गोदरेज उद्योगाने आरंभ केला, त्याचाही एक कारखाना शिरवळ येथे आहे. कुलपाचे रूप मात्र आता पालटले आहे. लोखंडी किल्लीची जागा कार्ड, सांकेतिक अंक किंवा बोटाचा ठसा घेऊ लागला आहे.

या व्यवस्थेची मुख्य अंगे तीन. दारापाशी बसविलेले वाचकयंत्र ओळख टिपते. नियंत्रक ती आपल्या यादीशी ताडून पाहतो. आणि अनुमती असल्यास विजेवर चालणारे कुलूप उघडते. कोण, केव्हा आत आले याची नोंदही आपोआप होते. किल्ली हरवली तर कुलूपच बदलावे लागते. कार्ड हरवल्यास ते यादीतून रद्द केले की पुरे. हाच या पद्धतीचा खरा लाभ होय.

परंतु वीज गेली तर काय? चुंबकीय कुलूप विजेअभावी उघडे पडते, तर काही कुलपे बाहेरून बंदच राहतात. म्हणून बॅटरीची जोड आवश्यक ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आग लागल्यास आतील माणसाला कार्ड वा किल्लीवाचून तत्काळ बाहेर पडता आले पाहिजे. मालाच्या रक्षणापायी माणूस कोंडला जाणार नाही, याची खातरजमा दार बसविण्यापूर्वीच करावी.

कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात व यंत्र त्यांना ओळखत नाही. अशा वेळी कार्डाचा पर्याय ठेवणे न्यायाचे होईल. शिवाय कार्ड बदलता येते, बोट बदलता येत नाही. म्हणून ठशांची माहिती काटेकोरपणे जपली पाहिजे.

शाळेचा संगणक कक्ष असो वा ग्रामपंचायतीचे दप्तर, नियम सारखेच आहेत. यंत्रासोबत आलेला सांकेतिक अंक प्रथम बदलावा. आपले कार्ड दुसऱ्यास देऊ नये. बदली वा निवृत्ती झालेल्याचे कार्ड त्याच दिवशी रद्द करावे. नोंदी दरमहा तपासाव्यात. यंत्र दार राखील; यादी राखण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागेल.