गिअरबॉक्सच्या सेन्सरचा कोड कसा वाचावा

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दहा-पंधरा वर्षे धावलेली एसयूव्ही सहसा भंगारात जात नाही. ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि तिच्या गिअरबॉक्सची आधीची हकिकत नव्या मालकाला क्वचितच कळते. अशी गाडी ऑटोमॅटिक असेल, तर एखाद्या दिवशी डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि गॅरेजमधल्या स्कॅनरवर ‘पी०७१५’ असा कोड उमटतो. सेन्सर गेला, असा निष्कर्ष मग तिथल्या तिथे काढला जातो. तो बहुधा घाईचा असतो, कारण कोड खराब झालेला भाग सांगत नाही, तर कोणत्या सर्किटमधून येणारा संकेत संगणकाला पटला नाही एवढेच सांगतो.

या कोडमधील ‘पी’ म्हणजे पॉवरट्रेन, अर्थात इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढचे शून्य हा कोड सर्व कंपन्यांना समान असल्याची खूण, सात हा आकडा गिअरबॉक्सचा, आणि शेवटचे दोन अंक दोषाचे. पी०७१५ हा गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टची गती मोजणाऱ्या सर्किटचा कोड आहे, तर पी०७२० बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा. या दोन गतींच्या गुणोत्तरावरूनच निवडलेला गिअर खरोखर पकडला आहे की आतला क्लच घसरतो आहे, हे संगणक ठरवतो. त्यातली एक गती कळेनाशी झाली, की तो गिअर बदलणे थांबवून एकच गिअर धरून ठेवतो. या ‘लिंप मोड’चा हेतू गिअरबॉक्स वाचवणे हा असल्याने त्याच अवस्थेत गाडी दिवसेंदिवस दामटणे चुकीचे ठरते.

खानदेशात उष्णतेचा विचार आधी करावा लागतो. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरमध्ये अतिशय बारीक तारेची गुंडाळी असते. तिला तडा गेला असेल, तर थंड असताना तारेची टोके जुळून राहतात आणि तापल्यावर सुटतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या जळगावात चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना दिवा लागावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात मल्टिमीटरने सर्व काही ठीक दाखवावे, यात म्हणूनच विसंगती नाही. मोजणी गिअरबॉक्स गरम असतानाच व्हायला हवी. तीन तारांच्या हॉल सेन्सरला तर मल्टिमीटरने रोध मोजण्याची कसोटी लागूच पडत नाही. तिथे वीजपुरवठा, अर्थिंग आणि संकेत या तिन्ही तारा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

त्याआधी कपलर उघडून पाहणे सर्वांत स्वस्त पडते. पावसाच्या पाण्याने पिनांवर चढलेला हिरवा गंज, शेतालगत उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर, सेन्सरच्या टोकाला चिकटलेला धातूचा कीस, किंवा कमजोर बॅटरीमुळे घसरलेले व्होल्टेज, यांपैकी कशानेही तोच कोड येऊ शकतो. कीस फार असेल, तर तक्रार सेन्सरची राहत नाही, गिअरबॉक्सच्या आतल्या झिजेची होते.

जुन्या गाडीबाबत आणखी एक अडचण आहे. भारत स्टेज ४ हे उत्सर्जन मानक १ एप्रिल २०१० रोजी १३ शहरांत लागू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होती, जळगाव आणि धुळे नव्हते. ते देशभर २०१७ मध्ये आले. स्कॅनरला कोड पुरवणारी गाडीतील प्रमाणित दोष-निदान प्रणाली याच मानकाबरोबर सक्तीची होत गेली. त्यामुळे इथल्या २०१७पूर्वीच्या काही गाड्या बाजारातल्या स्वस्त स्कॅनरला दाद देत नाहीत आणि त्यांच्यासाठी कंपनीच्या प्रणालीशी जुळणारा स्कॅनरच लागतो.

कोड आल्याबरोबर तो पुसून टाकण्याची पद्धत मात्र सर्वाधिक नुकसान करते, कारण दोष नोंदला गेला त्या क्षणाचा वेग आणि तापमान यांसारखी माहिती, म्हणजे ‘फ्रीझ फ्रेम’, कोडबरोबरच पुसली जाते. ती आधी लिहून घ्यावी. दुरुस्तीनंतर कोड पुसून, जिथे दिवा लागला होता त्याच चढावर गाडी गरम होईपर्यंत चालवावी आणि सोबत बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने स्कॅनरवर दोन्ही शाफ्टच्या गतीचे आकडे पाहत राहावे.