दंशाच्या हाताला दोरी नको!

नरपडला चिकूच्या वाडीत पालापाचोळा गोळा करताना आमच्या वस्तीतील एका भगिनीच्या बोटाला साप चावला. दिवस पावसाळ्याचे. आरडाओरडा झाला, माणसे धावली, आम्हीही धावलो. कोणीतरी सुती नाडा पुढे केला आणि आम्हीच तो त्यांच्या कोपराच्या वर करकचून बांधला. लहानपणापासून तेच पाहिले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत हात सुजून निळा-काळा पडला होता. हातातल्या बांगड्या मांसात रुतल्या होत्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "दोरी कोणी बांधली?" आम्ही मान खाली घातली.

त्या भगिनी वाचल्या. पण बोटे आखडली आणि तीन महिने रोजंदारी बुडाली. हातावर पोट असणाऱ्याचा हात गेला, तर मागे काय उरते? सभांतून अंधश्रद्धेवर बोलणारे आम्ही. पण आपल्याच हातात काय वाहते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. वाचक बंधू-भगिनींनो, ते नंतर समजून घेतले. तेच येथे सांगतो.

हातातल्या तीन वाटा

पहिली वाट हृदयाकडून येणाऱ्या शुद्ध रक्ताची. ही रोहिणी काखेतून दंडात उतरते. डॉक्टर रक्तदाब मोजतात तो दंडातल्या याच रोहिणीवर. कोपरापाशी तिच्या दोन शाखा होतात. एक अंगठ्याच्या बाजूने जाते, मनगटावर नाडी पाहतात ती हीच. दुसरी करंगळीच्या बाजूने जाते. तळहातात दोघी कमानीसारख्या एकमेकींना मिळतात आणि बोटांना रक्त पुरवतात.

दुसरी वाट परतीच्या रक्ताची. कातडीखाली हिरव्या-निळ्या दिसतात त्या नीला, म्हणजे शिरा. तपासणीसाठी कोपराच्या खळगीतून रक्त काढतात ते यांतूनच. शिरांमध्ये झडपा असतात, म्हणून रक्त फक्त हृदयाच्याच दिशेने जाते. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरने 1628 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे साध्या प्रयोगाने दाखवले. तो मुलांना घरी दाखवता येतो. दंडाला मऊ फडके हलके बांधा, मूठ आवळा. शिरा फुगतील, त्यांवर बारीक गाठी दिसतील. त्या झडपा. एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातले रक्त वरच्या गाठीपलीकडे सारा. शीर रिकामीच राहील, वरून रक्त खाली येणार नाही. मिनिटभरात फडके सोडा.

तिसरी वाट आपल्याला ठाऊकच नसते. रक्तातले पाणी बारीक केशवाहिन्यांतून पाझरून मांसात येते. बहुतेक परत रक्तात शिरते, उरलेले लसीकावाहिन्या गोळा करतात. साऱ्या शरीरात असे दिवसाला दोन-तीन लिटर जमते. हाताची लसीका कोपर आणि काखेतल्या ग्रंथींतून गाळली जाऊन गळ्याच्या मुळाशी पुन्हा रक्तात मिसळते. बोटाला जखम चिघळली की काखेत दुखरी गाठ येते, तिला आपल्या आया-आज्या अवधाण म्हणतात. ती ग्रंथी रोगजंतूंशी झुंजत असते. जखमेपासून वर लाल रेघ चढू लागली, तर मात्र घरगुती उपाय न करता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पालीतल्या खुद्दकपाठात शरीराचे बत्तीस भाग सांगितले आहेत. त्यांत लसिका हा शब्द आहे; तेथे अर्थ सांध्यातला द्रव असा आहे. नावाचा अर्थ बदलला, पण शरीर भाग-भाग करून डोळसपणे पाहण्याची शिकवण आपल्या धम्मात जुनीच आहे.

दोरी का नको?

सापाच्या विषाचे मोठे कण बरेचसे या तिसऱ्या वाटेने पसरतात. लसीकेला हृदयासारखा पंप नाही, स्नायू हलले की ती वर ढकलली जाते. म्हणून दंश झालेला हात जितका हलेल, तितके विष लवकर चढेल. दोरी करकचून बांधली तर रोहिणी बंद होऊन मांस मरते. थोडी सैल राहिली तर रक्त आत येते पण बाहेर जात नाही, हात फुगतो. घोणस, फुरसे यांचे विष तर मुळातच मांस नासवणारे. ते एका जागी कोंडले की नुकसान वाढते. आणि दोरी एकदम सोडली की साचलेले विष झटक्यात अंगभर जाते.

डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तेथील संशोधकांनी आपल्या तालुक्यातील सर्पदंशाचा अभ्यास केला. दोरी बांधणे, आधी भगताकडे जाणे, हे आपल्याकडे घडते, असे त्यात दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याची योजना भारत सरकारने 2024 साली जाहीर केली. दुर्लक्षित कोण? शेतात, वाडीत अनवाणी राबणारा. म्हणजे आपणच.

हे करा

1. धीर द्या. माणसाला चालवू नका, पळवू नका.
2. बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा. निघत नसतील तर बांगड्या फोडताना हात जपा, पण फोडा. त्यात अपशकुन काही नाही.
3. फळी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन हात न हलेल असा ठेवा. आधाराची पट्टी घट्ट नको.
4. चिरणे, चोखणे, बर्फ, जडीबुटी, मंत्र, काही नको.
5. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष हेच औषध.
6. कोणी दोरी बांधलीच असेल, तर वाटेत सोडू नका. डॉक्टरांना आधी सांगा.

मण्यार रात्री चावते. सूज नाही, वेदना नाही, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पापण्या जड झाल्या, पोटात दुखले, गिळता येईना, तर क्षणही दवडू नये.

आषाढी पौर्णिमेपासून विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते. साप बाहेर पडण्याचे दिवसही तेच. या वर्षी वाचन आटोपल्यावर दहा मिनिटे आम्ही हा हार्वेचा प्रयोग आणि फळी बांधण्याची रीत दाखवणार आहोत. त्या भगिनींनी स्वतःचा हात पुढे करून सांगायचे कबूल केले आहे. आपापल्या विहारातही हे करावे. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले, ही कथा आपण ऐकतो. करुणेचे हात आपल्यापाशी आहेतच. त्यांना ज्ञानाची जोड दिली, तर ते कोणाच्या दंडाला फास बांधणार नाहीत.