मे महिन्यातली मर्सिडीज

जुनी आलिशान गाडी नागपुरात घ्यायची असेल, तर सीटचं चामडं नंतर पाहा. आधी इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि रेडिएटरचा वरचा होज पाइप बोटांनी दाबा. रबर लवचीक लागलं तर ठीक. करकरलं किंवा लगद्यासारखं दबलं, तर पहिला खर्च कुठे आहे ते तिथेच कळतं.

माझी मर्सिडीज ई-२२० आहे, १९९६ ची. टेल्कोसोबत पिंपरीत १९९५ साली मर्सिडीजची जोडणी सुरू झाली ती याच डब्ल्यू-१२४ मॉडेलने. लोखंड आजही खणखणीत आहे. थकतं ते रबर आणि प्लॅस्टिक, आणि आपल्या उन्हात जरा लवकरच.

पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिच्यातली बरीचशी धुराबरोबर जाते. तेवढीच दुसरी मोठी वाटणी कूलंट उचलतं आणि रेडिएटरमधून हवेला देतं. कूलंट ९० अंशांवर आणि बाहेर जानेवारीतले १५ अंश असले, तर फरक ७५ चा. मे महिन्यात बाहेर ४५ असले की फरकही ४५ च उरतो. म्हणजे तेवढ्याच हवेत रेडिएटर जवळजवळ चाळीस टक्के कमी उष्णता टाकू शकतो. त्यातून एसीचा कंडेन्सर त्याच्या पुढ्यात बसलेला, त्यामुळे हवा पोहोचते तीच तापून. डिसेंबरात निर्धास्त चालणारी गाडी मे महिन्यात का उकळते, याचं कारण हे.

कूलंट सहज उकळू नये म्हणून त्याच्या टाकीचं झाकण दाब धरून ठेवतं, अगदी प्रेशर कुकरसारखं. झाकणाची रबरी चकती चिरली की दाब सुटतो आणि उकळबिंदू खाली येतो. झाकण स्वस्त मिळतं. शंका आली की बदलून टाकावं. इंजिन गरम असताना मात्र ते कधीही उघडू नये.

माझी गाडी तापली ती व्हरायटी चौकात, दुपारी, रांगेत उभी असताना. काटा ११० कडे सरकला. एसी बंद करून हीटर पूर्ण उघडला, कारण हीटर म्हणजे आत बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच. घामाने भिजलो, पण काटा थांबला. मग कडेला घेऊन इंजिन बंद केलं. थंड झाल्यावर उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅटच नव्हता. आधीच्या कुणीतरी ‘गाडी गरम होणार नाही’ म्हणून काढून टाकला होता. हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज. थर्मोस्टॅटमधलं मेण ८७ अंशांच्या आसपास फुगून रेडिएटरची वाट उघडतं, आणि या गाडीत त्याच वेळी दुसऱ्या चकतीने इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करतं. तो काढला की आडवाट कायम उघडी राहते. बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच परततं.

त्याच दिवशी पाण्याच्या वाटांत पांढरी खपली दिसली. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या टाकीत आणि ताट्यांवर जमते तीच. बोअरचं पाणी ओतत राहिल्याचा हा पुरावा. डिस्टिल्ड पाणी आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट निम्मं-निम्मं घालावं, आणि दोन-तीन वर्षांनी बदलावं.

पंख्याचा क्लचही तपासा. त्यात सिलिकॉन तेल असतं. ते गळून गेलं की पंखा फिरतो खरा, पण ओढ राहत नाही. गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून हाताने फिरवा. जडपणे फिरला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरला तर तो गेला.

सुटे भाग मी दिल्लीच्या काश्मिरी गेटातून मागवले. होज, झाकण, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, सगळं एकाच वेळी बदललं, कारण मजुरी एकदाच लागते. आता वर्धा रोडला गर्दीत काटा ९० च्या पुढे जातो, पंखा गरजतो, आणि काटा सावकाश मागे येतो.