डोळ्यांतील बाहुली काय सांगते?

दवाखान्यात डॉक्टर रुग्णाच्या डोळ्यांवर बॅटरीचा उजेड टाकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. या काही सेकंदांच्या तपासणीत ते काय पाहतात, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून हा लेख.

डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या मधोमध असलेले काळे छिद्र म्हणजे बाहुली. समोरच्या माणसाच्या डोळ्यात आपलीच छोटी प्रतिमा दिसते, म्हणून हे नाव. लॅटिन भाषेतही या छिद्राला लहान बाहुली याच अर्थाचा शब्द आहे. भरपूर उजेडात बाहुली साधारण 2 ते 4 मिलिमीटर असते, तर अंधारात ती 4 ते 8 मिलिमीटरपर्यंत मोठी होते. तिला लहान करणारा एक स्नायू व मोठी करणारा दुसरा स्नायू असतो आणि दोघांचे मज्जातंतू निरनिराळ्या मार्गांनी येतात. उजेडाची वार्ता दृष्टिपटलाकडून मेंदूच्या मध्यभागी पोहोचते व तेथून दोन्ही डोळ्यांना आज्ञा सुटते. म्हणून एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दोन्ही बाहुल्या आकुंचन पावतात. या मार्गात कोठे बिघाड झाला, तर बाहुली तो दाखवून देते.

प्रथम एक दिलासा. सुमारे पाच जणांमागे एकाच्या बाहुल्या जन्मतःच किंचित लहानमोठ्या असतात. फरक बहुधा एक मिलिमीटरपेक्षा कमी असतो आणि अंधारात व उजेडात सारखाच राहतो. जुन्या छायाचित्रातही तो दिसत असेल, तर सहसा काळजीचे कारण नाही.

फरक उजेडात वाढत असेल, तर मोठी बाहुली दोषी समजावी. ती आकुंचन पावत नाही. एका बाजूची पापणी खाली पडली, बाहुली मोठी झाली, एकाची दोन दिसू लागली आणि डोके असह्य दुखू लागले, तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या मस्तिष्क मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता असते. असा रुग्ण त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावा. मधुमेहामुळे हाच मज्जातंतू दुखावला, तर बाहुली बहुधा शाबूत राहते.

फरक अंधारात वाढत असेल, तर लहान बाहुली दोषी. स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी 1869 साली वर्णन केलेल्या विकारात बाहुली लहान होते, पापणी किंचित झुकते व चेहऱ्याच्या त्या बाजूला घाम कमी येतो. याचे मूळ कधी फुप्फुसाच्या टोकावरील कर्करोगात, तर कधी मानेतील रक्तवाहिनीला गेलेल्या चिरेत असते. त्याच वर्षी एडिंबरोचे डॉ. अर्गाइल रॉबर्टसन यांनी, उजेडाला न बदलणारी पण जवळचे पाहताना लहान होणारी बाहुली नोंदवली. पुढे तिचा संबंध उपदंशाशी असल्याचे स्पष्ट झाले.

डोळ्याच्या स्वतःच्या रोगांतही बाहुली बदलते. डोळा लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात व बाहुली अर्धवट मोठी होऊन स्थिर राहते, तेव्हा तो तीव्र काचबिंदू असू शकतो. उपचारास उशीर झाल्यास दृष्टी कायमची जाते. पिकलेल्या मोतीबिंदूत मात्र बाहुली उजेडाला चांगली हलते. ती हलत नसेल, तर पडद्यामागेही दोष आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच कळते. लहान मुलाची बाहुली पांढरी चमकत असेल, तर तो मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा कर्करोग असू शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

आपल्या ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ व घाम सुटतो, श्वास कोंडतो. अशा वेळी कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. याउलट धोतऱ्याच्या विषाने बाहुल्या मोठ्या होतात.

शेवटी एक इशारा. डोक्याला मार लागल्यावर बाहुली मोठी होणे ही बहुधा उशिराची खूण असते. कवटीत साचलेल्या रक्ताने मेंदू सरकू लागला, असा तिचा अर्थ असतो. म्हणून बाहुल्या सारख्या आहेत असे पाहून घरी थांबू नका. गुंगी, वारंवार उलट्या वा वाढती डोकेदुखी, यांपैकी एकही लक्षण रुग्णालय गाठण्यास पुरेसे आहे. डॉक्टरांकडे जाताना डोळ्यांत कोणते थेंब घातले असतील, तर तेही आवर्जून सांगा, कारण काही थेंबांनीही बाहुली मोठी होते.

बाहुली बोलत नाही, पण खुणावते. ती खूण वेळेवर ओळखली, तर कोणाची दृष्टी वाचेल, कोणाचा जीव.