छंद आणि मंडळ (भाग ७) : नऊ कुवली धान्य

मागच्या भागात वर्गणी आणि पावतीपुस्तक झालं. पावती फाडून हातात दिली की पुढचा तिढा सुरू होतो. ज्यानं पैसे दिले त्याचं नाव कुठं लावायचं, केवढ्या अक्षरात, आणि किती दिवस ठेवायचं? रायगडच्या किनाऱ्यावर पक्षी मोजत हिंडणाऱ्या आमच्या मंडळात खर्चावरून जेवढे वाद झाले नाहीत तेवढे या नावांवरून झाले आहेत.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की साखरची खाडी ओलांडल्यावर आक्षी लागतं. हिवाळ्यात आम्ही तिथे जातो. सुरूच्या बनापलीकडे ओहोटीनं उघड्या पडलेल्या पट्ट्यावर तुतवार, चिखल्या, कुरव असे पाहुणे उतरलेले असतात. पण आज आक्षीची आठवण निघाली ती तिथल्या दगडामुळे. मराठीतला आद्य म्हणून ज्याचं नाव घेतात तो शिलालेख याच गावचा. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा. आकड्यांच्या वाचनावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. आपल्याला त्यात पडायचं कारण नाही. आपलं काम आहे ते मजकुराशी. राज्य शिलाहार राजा केशिदेवाचं, त्याचा प्रधान भइर्जू सेणुई, आणि त्यानं महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य लावून दिलं. कुवली हे धान्याचं जुनं माप. बोडण तर कोकणातल्या काही घरांत आजही भरतात.

म्हणजे आपल्या भाषेतलं इतकं जुनं लिखाण ही एका देणगीची नोंद आहे! आणि नोंद कशी, तर कोणी दिलं, काय दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, केव्हा दिलं. राजाला त्याच्या बिरुदांनी ओवाळलेलं आहे, ते तर त्या काळी पत्रावर तारीख घालावी तसं. देणाऱ्याचं वर्णन मात्र त्याच्या हुद्द्यापाशी संपतं. तो दानशूर नाही, समाजभूषण नाही, कुणाचा आधारवडही नाही. नऊ कुवली म्हणजे नऊ कुवली.

आता आमची गोष्ट. पहिल्यांदा मंडळाची वेबसाइट केली तेव्हा कुणीतरी शहरातल्या एका मॅरेथॉनचं पत्रक आणलं आणि आम्ही त्यावरून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशा पायऱ्या पाडल्या. पाच हजारांचा एक धनादेश देणारे गृहस्थ सिल्व्हरमध्ये झळकले. दोन वर्षं दर रविवारी स्वतःची जीप, स्वतःचं डिझेल आणि स्वतःची झोप खर्च करणारा आमचा एक सभासद मात्र कुठल्याच पायरीवर नव्हता, कारण त्यानं पावती फाडलीच नव्हती. तो काही बोलला नाही. त्याची बायको बोलली, आणि नेमकं बोलली. त्या रात्री आम्ही पायऱ्या काढून टाकल्या आणि आक्षीच्या चालीनं ओळी लिहायला घेतल्या. ‘दुर्बिणी, चार. शाळेच्या मुलांसाठी. २०१९.’ ‘जीप आणि डिझेल, सुमारे नव्वद रविवार.’ ‘छपाई, पक्ष्यांच्या तक्त्याच्या पाचशे प्रती.’ प्रत्येक ओळीपुढे देणाऱ्याचं नाव, सगळी एकाच मापाच्या अक्षरात. वस्तू, वेळ आणि पैसा एका रांगेत बसले की कुणाला आपण खालच्या पायरीवर आहोत असं वाटत नाही.

एक शंका लगेच येते: दुकानदारानं आपल्या दुकानाचं नाव टाकायला सांगितलं तर? टाकावं की. तळा तालुक्यातली कुड्याची लेणी पाहा, राजपुरी खाडीच्या आतल्या अंगाला. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या तिथल्या लेखांत देणाऱ्यांचे धंदे स्वच्छ सांगितलेले आहेत. माळी आहे, वैद्य आहे, आणि कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारीही आहे. कऱ्हाडच्या व्यापाऱ्यानं घाट उतरून इथल्या लेण्याला दान द्यावं, यावरून बंदरावरच्या व्यापाराचा अंदाज इतिहासकार बांधतात. धंद्याचं नाव आलं म्हणून त्या लेण्याची जाहिरात झाली नाही. ‘लोखंड घ्यावं तर महिककडूनच’ असं काही तिथे कोरलेलं नाही, एवढीच मेख.

ही मेख कर खात्यालाही मान्य आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळानं ११ ऑक्टोबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढलं. धर्मादाय संस्थेला कुणी देणगी दिली, संस्थेनं कृतज्ञता म्हणून नाव लावलं, आणि त्या नावातून देणाऱ्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर त्यावर जीएसटी नाही. उदाहरणं अगदी आपल्या देवळातली वाटावीत अशी आहेत: देणगीतून बांधलेल्या खोलीच्या दारावर ‘अमुक बाईंकडून वडिलांच्या स्मरणार्थ’, किंवा योगसंस्थेला दिलेल्या डिजिटल फळ्याखाली दात्याच्या शुभेच्छा. पण त्याच नावाशेजारी ‘गणपतीनिमित्त वीस टक्के सूट’ आणि फोन नंबर आला की ती देणगी उरत नाही, तो जाहिरातीचा मोबदला होतो. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या आमच्यासारख्या मंडळांना जीएसटी नोंदणीची धास्ती सहसा नसते. तरी हिशेबाच्या वहीत देणगी आणि जाहिरात हे दोन रकाने वेगळेच हवेत, आणि जाहिरात असेल तर तिथे ‘जाहिरात’ असाच शब्द हवा. प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी ८०-जीची पावती जाहिरातीवर फाडू नये. आणि दोन हजारांच्या वरची देणगी रोख दिली तर देणाऱ्याला ती सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगावं. नंतर सांगितलं की तोंडं वाकडी होतात.

आता नाजूक भाग. एकदा एका प्लॉटिंगवाल्यानं आमच्या जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. टी-शर्ट, टोप्या, दुपारचं जेवण, सगळं. अट एकच, टोपीवर त्याच्या प्रकल्पाचं नाव. प्रकल्प कुठं, तर ज्या खाजणात आम्ही बगळे मोजतो त्याच्या बांधाला लागून. बैठक तीन तास चालली. ‘पैसा पैशाच्या जागी’ असं म्हणणारे होते आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं, कारण त्या वर्षी आमच्याकडे भाड्याच्या गाडीलाही पैसे नव्हते. शेवटी नकार दिला. आपल्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर ते आकडे कुणाच्या टोपीखाली मोजले हे लोक बघणारच. तेव्हापासून आम्ही एक ओळ जाहीर केली आहे: जिथे गणना करतो तिथे ज्यांचे व्यवहार आहेत त्यांच्याकडून गणनेसाठी पैसे घेत नाही. ही ओळ आभारांच्या यादीच्या वर आहे.

वेबसाइटच्या म्हणून काही खास अडचणी असतात. एक मी स्वतः ओढवून घेतली. किनाऱ्यावरच्या एका होम-स्टेनं आम्हाला दोन वर्षं फुकट खोली दिली होती. आभार म्हणून त्यांच्या साइटचा दुवा लावून मी विसरून गेलो. होम-स्टे बंद झाला, त्यांच्या पत्त्याचं नूतनीकरण राहिलं आणि तो पत्ता दुसऱ्याच कुणी उचलला. एका दुपारी शाळेतल्या बाईंचा फोन आला, ‘सर, मुलांना तुमची पक्ष्यांची यादी दाखवत होते, एका नावावर टिचकी मारली तर पत्त्यांचा जुगार उघडला.’ आता दर जूनमध्ये, पावसामुळे फिरणं थांबलं की, आम्ही सगळे दुवे एकेक उघडून पाहतो. पैशाच्या बदल्यात लावलेल्या दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण आतून जोडावी असं गूगलनं २०१९मध्ये सांगितलं आहे. साइट करून देणाऱ्या मुलाला एवढं म्हटलं की पुरतं. आणि बोधचिन्हांची भिंत उभारू नये. मुरूडच्या पुढे जिथे रेंजची एकच काडी असते तिथे बारा रंगीत चित्रं उघडेपर्यंत पक्षी उडून जातो. साधी अक्षरं लगेच दिसतात.

मुदतीचं मात्र आक्षीकडून घेता येत नाही. जुन्या दानलेखांवर चंद्र-सूर्य कोरत, ते आहेत तोवर हे दान चालावं म्हणून. काहींच्या खाली गधेगाळही असे, दान मोडणाऱ्याला दिलेली सणसणीत शिवी. आमच्या हाती चंद्र-सूर्य नाहीत. त्यामुळे चालू वर्षाची नावं पहिल्या पानावर, आणि मागची सगळी वर्षवार जुन्या यादीत. तिथून नाव काढायचं नाही, देणाऱ्याशी पुढे वाजलं तरी. अपवाद एकच, तो स्वतः काढा म्हणाला तर. आणि लावायच्या आधीही विचारायचं. गुप्तदानाची चाल आपल्याकडे जुनी आहे. शिवाय नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी गावातली आणखी चार मंडळं पावतीपुस्तक घेऊन दारात, हे न सांगण्याचं कारण असतं.

विचारल्यामुळे कधीकधी भलतंच उत्तर मिळतं. रेवदंड्याच्या खाडीत गणनेच्या दिवशी आम्हाला फुकट फिरवून आणणारे एक कोळी काका आहेत. यादीत काय लिहू म्हणून विचारलं तर जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले, ‘माजा नाव नको, होरीचा टाक.’ मी होडीचं नाव टिपून घेतलं. घरी जाऊन यादीत चढवलं, पुढे ‘पाच फेऱ्या, जानेवारी’ असं लिहिलं. आठवड्यानं त्यांच्या नातवाचा फोन आला. आजोबांनी मोबाइलवर बघितलं होतं. फेऱ्या सहा झाल्या होत्या.